बाबांची रजा कधी संपणार? : सॅपर जवानाचा फौजेतून घरापर्यंतचा प्रवास



जून महिन्यात शाळा सुरू झाली की आपण सगळेच मुलांची माहिती भरून घेतो. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि त्यातच एक रकाना असतो 'पालकाचा व्यवसाय'. शेती, मजुरी, नोकरी, दुकान. पटकन भरून होतो. गेल्या वर्षी मात्र आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलाचे वडील त्या रकान्यापाशी पेन धरून बराच वेळ थांबले. मग मला म्हणाले, "मॅडम, इथं काय लिहू? रिटायर लिहू का?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन आया हसल्या. कारण गृहस्थांचं वय ३९. आपल्याकडे रिटायर म्हणजे आजोबा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मी सातारा जिल्ह्यात शिकवते. इकडे जवळजवळ प्रत्येक गावात फौजी घरं आहेत आणि हुद्दा कोणताही असो, गाव सगळ्यांना 'मेजर'च म्हणतं. हेही गावाचे मेजर. खरा हुद्दा नाईक, म्हणजे शिपाई आणि हवालदार यांच्या मधला. २० वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये काढली, आईच्या आजारपणामुळे स्वतः अर्ज करून पेन्शनवर आले. त्या दिवशी त्यांनी शेवटी 'माजी सैनिक' असं लिहिलं. पण हा काही व्यवसाय नव्हे, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

त्यांच्याशी वर्षभरात जे बोलणं झालं, त्यांच्या मुलाच्या बाबतीत मी जी एक चूक केली आणि या निमित्ताने मी जे समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे. तुमच्याही वर्गात असं एखादं मूल असेल. कदाचित तुम्हाला माहीतही नसेल.

सॅपर म्हणजे नेमकं कोण?

आपण मुलांना सैनिक शिकवतो तो बंदूकवाला. चित्रातही तोच. पण सैन्यात एक मोठा वर्ग असा आहे की ज्याच्या हातात बंदुकीइतकाच वेळ फावडं, थापी, पाना आणि सुरुंग शोधायचं यंत्र असतं. हे सैन्याचं इंजिनिअर दल. 'सॅप' म्हणजे शत्रूच्या तटबंदीपर्यंत आडोशाने पोहोचण्यासाठी खणलेला चर. तो खणणारा तो सॅपर. आजही या दलात साध्या जवानाला शिपाई म्हणत नाहीत, सॅपर म्हणतात. दलाचं ब्रीद एकच शब्द आहे, 'सर्वत्र'.

त्यांचे तीन मोठे गट आहेत. मद्रास सॅपर्स बेंगळुरूला, बंगाल सॅपर्स रुडकीला आणि बॉम्बे सॅपर्स आपल्या पुण्यात खडकीला. पुण्याहून मुंबईकडे रेल्वेने किंवा एसटीने जाताना खडकी, दापोडी लागतं, तिथली ती लांबच लांब लष्करी कुंपणं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. खडकीत जवान घडतात आणि दापोडीला या दलाचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे.

युद्धात त्यांचं काम दुहेरी असतं. आपल्या सैन्याची वाट मोकळी करायची आणि शत्रूची अडवायची. पूल बांधायचा, तसाच वेळ आली तर पूल उडवायचा. परमवीर चक्र मिळवणारे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडं पाडून रस्ता अडवला होता. राणे आणि त्यांच्या माणसांनी गोळीबारात ते सगळं काढत काढत रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर म्हटलं की आपल्याला धावून जाणारा वीर आठवतो. इथे रस्ता साफ केला म्हणून परमवीर मिळालं आहे. मुलांना हे आवर्जून सांगा.

शांततेच्या काळात हेच लोक छावण्या, पाणी, रस्ते बघतात आणि संकट आलं की धावतात. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आताचं प्रभादेवी) जिन्यावर चेंगराचेंगरी झाली होती. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल सैन्याने बांधला. करी रोड आणि आंबिवलीलासुद्धा. २७ फेब्रुवारी २०१८ ला ते पूल लोकांसाठी खुले झाले.

वायनाडचा पूल तर अलीकडचाच. जुलै २०२४ च्या शेवटी केरळात वायनाडला दरडी कोसळल्या, चूरलमला गावाजवळचा पूल वाहून गेला, पलीकडची माणसं तुटली. मद्रास सॅपर्सनी तिथे १९० फूट लांबीचा, २४ टन वजन पेलणारा बेली पूल १ ऑगस्टला उभा केला. दीड दिवसाच्या आत. त्या कामावर असलेल्या मेजर सीता शेळके आपल्या पारनेर तालुक्यातल्या. तिथला त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

बेली पूल आणि आमचा गणिताचा तास

बेली पूल म्हणजे जोडायचा पूल. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश इंजिनिअरने शोधला, म्हणून हे नाव. त्याचा मुख्य भाग म्हणजे लोखंडी पॅनेल. एक पॅनेल १० फूट लांब, वजन साधारण २६० किलो. क्रेन नसली तरी सहा माणसं मिळून उचलू शकतील, असाच त्याचा आकार ठरवलेला आहे. पॅनेलला पॅनेल जोडायचं, मध्ये पिन ठोकायची आणि अलीकडच्या काठावर जोडत जोडत पूल पलीकडे ढकलत न्यायचा. पलीकडे कुणी नसलं तरी चालतं.

आमच्या नाईक पालकांनी हे फळ्यावर काढून दाखवलं (ते शाळेत कसे आले ते पुढे सांगते) तेव्हा मला त्यात चौथीचं अख्खं गणित दिसलं. १९० फुटांचा पूल, १० फुटांचं एक पॅनेल, तर एका ओळीत किती पॅनेल? १९. एक पॅनेल २६० किलो, उचलणारे सहा जण, तर एकाच्या वाट्याला किती? ४३ किलो आणि थोडं वर. म्हणजे आपल्या वर्गातली जवळजवळ दोन मुलं खांद्यावर! हे ऐकल्यावर मुलांनी भागाकार परत करून बघितला. मी सांगितलं नव्हतं. तुम्हीसुद्धा करून बघा. वर्तमानपत्राच्या घट्ट नळ्या करा, चौकोन बांधा, तो हाताने दाबला की वाकडा होतो. मग त्यात तिरपी नळी टाका. आता दाबा. त्रिकोण का हलत नाही हे मुलांना बोटांना कळतं.

असो. मूळ विषयाकडे येते.

इतक्या लवकर पेन्शन का?

सैन्याला तरुण हात लागतात. म्हणून जवानाच्या हुद्द्यानुसार सेवेची वर्षं ठरलेली असतात आणि खालच्या हुद्द्यांना ती कमी असतात. जवानाला पेन्शन मिळण्यासाठी किमान १५ वर्षं सेवा लागते. १८-१९ व्या वर्षी भरती झालेला पोरगा पस्तिशीत किंवा चाळिशीच्या आसपास घरी येतो. त्या वेळी त्याची मुलं कुठे असतात? आपल्या वर्गात. तिसरीत, पाचवीत, आठवीत. घराचं कर्ज असतं, आईवडील थकलेले असतात. म्हणजे खर्च सगळ्यात जास्त असतो तेव्हाच पगाराची पेन्शन होते.

कागदांचा भाग थोडक्यात सांगते. फौजी पालक विचारतात आणि आपल्याला निदान कुठे पाठवायचं हे माहीत असावं. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश (पीपीओ) हे दोन जिवापाड जपायचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घ्यायचं. मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि बऱ्याच सवलती तिथूनच मिळतात. औषधोपचारासाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. सरकारी भरतीत माजी सैनिकांना समांतर आरक्षण असतं. केंद्राच्या खात्यांत गट क च्या जागांवर १० टक्के, गट ड वर २० टक्के.

आणि एक गोष्ट, जी आमच्या गावात निम्म्या लोकांना माहीत नव्हती. दहावी पास जवानाची १५ वर्षं सेवा झाली असेल तर केंद्र सरकारच्या गट क मधल्या काही पदांसाठी त्याला पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. १९८६ सालचा निर्णय आहे. त्याचं प्रमाणपत्र सैन्याकडून घ्यावं लागतं, आणि ते बाहेर पडण्याआधीच घेतलेलं बरं.

सेवेच्या शेवटच्या काळात पुनर्वसन संचालनालयाकडून प्रशिक्षणाचे कोर्सही मिळतात. काही जण मन लावून करतात. काही जण, खरं सांगायचं तर, ते दिवस घराजवळ घालवायला मिळतात म्हणून करतात. २० वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला त्याबद्दल बोल लावायची माझी तयारी नाही.

पैशाबद्दल मात्र जरा थांबून सांगावं लागेल. बाहेर पडताना फंड, ग्रॅच्युइटी, विमा असे पैसे एकरकमी येतात. शिवाय पेन्शनचा काही भाग विकता येतो, जवानाला ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे आज मोठी रक्कम हातात येते, पण दर महिन्याची पेन्शन तेवढी कमी होते आणि तो भाग परत सुरू होतो १५ वर्षांनी. गावात ही बातमी पोस्टमनच्या आधी पोहोचते. मग मेव्हणा प्लॉट दाखवायला येतो, वर्गमित्र भागीदारी घेऊन येतो. ज्याने १९ व्या वर्षापासून गावाचा व्यवहार पाहिलेला नाही, त्याच्या हातात आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम आणि भोवती सगळी आपलीच माणसं. पालकांपैकी कुणी या वळणावर असेल तर माझं ऐका, पहिलं वर्षभर त्या पैशाला हात लावू नका.

"पुलाला किती पैसे लागतात ते मला कुणी विचारलंच नाही"

आमच्या नाईकांचा सैन्यातला ट्रेड गवंड्याचा. सॅपर्समध्ये प्रत्येकाला असा एक ट्रेड असतो. गवंडी, सुतार, वीजतंत्री, प्लंबर, खोदाई यंत्राचा चालक, नकाशे काढणारा. शिवाय पूल, सुरुंग हे सगळ्यांनाच शिकावं लागतं. म्हणजे हाताला कला असलेला माणूस. तुम्हाला वाटेल, याला बाहेर काय तोटा? घरोघर बांधकामं चालू आहेत.

मलाही असंच वाटलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पुलाला किती पॅनेल लागतात, किती पिना लागतात, झोपेतून उठवून विचारा. पण पुलाला किती पैसे लागतात ते २० वर्षांत मला कुणी कधी विचारलंच नाही."

मला वाटतं सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

सैन्यात सामान येतं. हुकूम येतो. माणसं हजर असतात, त्यांचा पगार कुठून येतो हे बघायचं नसतं. काम चांगलं झालं की नाही एवढंच बघतात. बाहेर मात्र काम सुरू व्हायच्या आधी दर ठरवायचा असतो, मजुरांना उचल द्यायची असते, सेंटरिंग भाड्याने आणायचं असतं, पाण्याचा टँकर, कर आणि बिल निघेपर्यंत दम धरायचा असतो. बिल काढून घेणं ही तर वेगळीच विद्या आहे.

त्यांनी घरी आल्यावर पहिल्याच वर्षी एका ठेकेदाराकडून एक संरक्षक भिंत पोटठेक्याने घेतली. सिमेंटच्या गोणीचाही हिशेब चुकला नाही. वाळू, दगड, लोखंड सगळं बरोबर. पण भाडं, टँकर, वाहतूक आणि पाऊस लागून बसून राहिलेल्या मजुरांची हजेरी हे त्यांच्या आकड्यात नव्हतंच. वरचं बिल ठेकेदाराने आठ महिने दिलं नाही, दिलं तेव्हा कापून दिलं. पेन्शन विकून आलेल्या पैशांतला चांगला मोठा तुकडा तिथे गेला. भिंत मी पाहिली आहे. दोन पावसाळे झाले, एक तडा नाही.

त्यानंतर एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी. १२ तास उभं राहायचं. कितीतरी माजी सैनिक हेच करतात, ते प्रामाणिक काम आहे, त्याला कमी लेखू नका. ज्यांना गणवेशातच बरं वाटतं त्यांच्यासाठी डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरतीची वाटही असते. पण या माणसाची खंत वेगळी होती. "सलाम करायची लाज नाही, २० वर्षं केलाय. पण दिवसभर हाताला काम नाही मॅडम. हात मोकळे राहिले की डोकं फिरतं."

आणि ते डोकं घरी जाऊन फिरायचं. इथे माझ्या वर्गातला मुलगा येतो.

"माझे बाबा रजेवर चांगले असतात"

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. ती सलग मिळतेच असं नाही. मुलाच्या दृष्टीने बाबा म्हणजे वर्षातून दोनदा येणारा सण. बॅग उघडली की ड्रायफ्रूट, कँटीनचं सामान, जत्रा, हॉटेल. रागावायला आई असतेच. तो बाबा एके दिवशी येतो आणि परत जातच नाही.

ऑगस्टच्या सुमारास खिचडीच्या रांगेत हा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, बाबांची रजा कधी संपणार?" मी हसले. म्हटलं, "अरे, आता संपतच नाही! मजा आहे तुझी." तो काही बोलला नाही, ताट घेऊन गेला. मला वाटलं, मी त्याला आनंदाची बातमी दिली.

पुढच्या आठवड्यात 'माझे बाबा' निबंध लिहायला दिला. सगळ्यांचे बाबा कष्टाळू आणि प्रेमळ होते, आपण फळ्यावर देतो तेच शब्द. याच्या वहीत तिसरं वाक्य होतं, 'माझे बाबा रजेवर चांगले असतात.' मी ते वाक्य दोनदा वाचलं. रांगेतला प्रश्न तेव्हा कळला.

त्याच्या आईला बोलावलं. माउली आधी काही बोलेना. मग म्हणाली, "पोराला पहाटे पाचला उठवतात. चपला सरळ रेषेत नाहीत म्हणून ओरडतात. मारत नाहीत हो, पण आवाजच तसा आहे. आणि माझं म्हणाल तर एवढी वर्षं मी एकटीनं घर चालवलं, सासूचं दुखणं काढलं, बँक केली, शेतातलं पाणी धरलं. आता मिठाचा डबा कुठं ठेवायचा ते हे मला सांगतात."

यात वाईट कुणीच नाही. २० वर्षं ज्या सवयींनी जीव वाचवला त्या सवयी एका दिवसात डिस्चार्ज होत नाहीत. सुरुंगाच्या कामात वस्तू जागच्या जागी नसणं म्हणजे काय, हे तो माणूस जाणतो. चपलांची रेषा त्याच्या लेखी चपलांची नसतेच. पण नऊ वर्षांच्या मुलाला हे कसं कळणार?

आपल्याकडे मूल गप्प झालं, गृहपाठ राहू लागला, मारामारी करू लागलं की आपण मोबाइलला दोष देतो. मी पण दिला असता. अशा मुलाच्या घरी कुणी बाहेरून परत आलंय का, एवढं विचारलं तरी बरंच समजतं. फौजीच कशाला, मुंबईला गिरणीत, गोदीत, टॅक्सीवर आयुष्य काढून गावी परतलेल्या बापांच्या घरातही आपल्या आधीच्या पिढीने हेच पाहिलं आहे.

शाळेत ते आले ते असे

दुसरी चूकही सांगून टाकते. मी त्यांना १५ ऑगस्टला भाषणाला बोलावलं. शौर्याच्या गोष्टी सांगा म्हटलं. त्यांनी हात जोडले. "माझ्याकडं गोष्टी नाहीत मॅडम. मी भिंती बांधल्या, पूल जोडले. आणि जे पाहिलं ते पोरांसमोर सांगायचं नाही." आपण माजी सैनिकाला वर्षातून दोन दिवस ओळखतो, फेटा बांधतो, नारळ देतो, आणि तिसऱ्या दिवशी तो परत गेटवर उभा असतो. त्यांना नारळ नको होता.

मग मी सरळ विचारलं, गणिताच्या तासाला लांबी-वजन शिकवायचं आहे, पुलाचं काही दाखवाल का? त्याला लगेच हो म्हणाले. सुट्टीच्या दिवशी आले, स्वतःचा टेप घेऊन. पहिल्याच मिनिटाला सवयीने "सावधान!" म्हणाले. अख्खा वर्ग ताठ झाला आणि त्यांचा मुलगा शरमेने लाल. त्यांच्याही लक्षात आलं. टेप खाली ठेवला, खाली बसले, म्हणाले, "बसा रे सगळे. इथं मी पण शिकायला आलोय." पुढचा दीड तास कसा गेला ते वर सांगितलंच आहे. १९ पॅनेल सगळ्यात आधी त्यांच्याच मुलाने सांगितले, पण तो गणितात मुळातच बरा आहे, त्याचं श्रेय मी कुणाला देत नाही. घरी एका दिवसात काही बदललं नाही. चपलांवरून अजूनही होतं, आई सांगते. पण पोरगा आता घरी कागदाच्या नळ्या करतो आणि बाप त्याला पिना कुठे लावायच्या ते दाखवतो, हेही तीच सांगते.

दरांचं गणित मात्र त्यांना शेजारच्या मुलाने शिकवलं. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, विशीतला पोरगा. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची कशी वाचायची, अंदाजपत्रक कसं करायचं, घनमीटरला मजुरी किती धरायची. त्याला हातातलं काम येत नव्हतं, यांना कागदावरचं. दोघांनी एकमेकांना शिकवलं. गेटची नोकरी सोडून ते आता एका दुसऱ्या ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर आहेत. पगार गेटपेक्षा थोडाच जास्त. स्वतःचा ठेका परत घ्यायचा का, यावर घरात अजून भांडण आहे आणि माझं मत विचाराल तर त्यांच्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे, इतक्यात नको.

सगळ्यांची वाट अशीच असते असं नाही. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत हे सॅपर अधिकारी. १९४१ मध्ये सुदानच्या सरहद्दीकडे सलग चार दिवस सुरुंग काढल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. १९७४ ला निवृत्त झाले आणि दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष झाले, धरणं आणि वीज. अधिकाऱ्याचा अनुभव बाहेरच्या जगाला वाचता येतो. नाईकाचा वाचता येत नाही. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात ड्रायव्हर होते, पेन्शनवर येऊन गावात पाणी-मातीचं काम उभं केलं. मराठवाड्यात प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन झाडं लावते, तिथे माजी सैनिकच काम करतात. अशा बटालियन देशात १९८२ पासून आहेत. वाटा आहेत, पण गावातल्या जवानाला त्या कुणी सांगायला हव्यात.

आणि आता चार वर्षांचे जवान

हा लेख लिहायचं खरं कारण शेवटी आलं. माझ्या पहिल्या बॅचचा एक विद्यार्थी अग्निवीर म्हणून भरती झाला आहे. २०२२ च्या या योजनेत सेवा चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे घेतात. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळतो. पेन्शन नाही. म्हणजे नाईकांनी ३९ व्या वर्षी जे सोसलं ते या पोरांपुढे तेविशी-चोविशीत येणार आणि तेही पेन्शनचा आधार नसताना. त्याची आई मला बाजारात भेटली आणि म्हणाली, "बाई, चार वर्षांनी पोरगं घरी आलं तर काय करंल?"

मला उत्तर आलं नाही. मी तिला नाईकांकडे घेऊन गेले. त्यांनी अर्धा तास सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. केलेल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं, युनिटमध्ये हरवलं तर बाहेर आल्यावर मिळत नाही. सेवेत कोणतं मशीन चालवलं, किती काळ, हे लेखी घ्यायचं. दहावीवर गेलेल्या अग्निवीराला मुक्त विद्यालयातून बारावी करण्याची सोय आहे, ती सोडायची नाही. अवजड वाहनाचा परवाना काढायचा. रजेवर आल्यावर आठ दिवस तरी गावच्या एखाद्या बांधकामावर जाऊन नुसतं बसायचं आणि मुकादम पैसे कसे मोजतो ते बघायचं. शेवटचं सांगताना ते हसले. त्या माउलीने विचारलं, "आणि सेवा निधीचं?" ते म्हणाले, "वहिनी, कुणाला आकडाच सांगू नका."

येत्या शनिवारी आम्ही शाळेमागच्या ओढ्याची रुंदी मोजणार आहोत, पलीकडे न जाता, अलीकडच्या काठावरूनच. ती युक्ती नाईक दाखवणार आहेत, चार खुंट्या आणि दोरी एवढंच सामान लागतं. त्यांच्याकडे टेप आहे. दोरी मात्र कमी पडते आहे. चौथी आणि पाचवीच्या पालकांपैकी कुणाच्या घरी वीसेक मीटर सुतळी असेल तर मुलाबरोबर पाठवा.